विश्लेषण : विशीत पोहायला शिकून सहा समुद्रमार्ग पार करणारे मिहिर सेन कोण होते?

इंग्लिश खाडी पोहून पार करणारे पहिले भारतीय कोण, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास असतो. उत्तर असते मिहिर सेन. बहुतेकांची या नावाशी ओळख तेवढ्यावरच थांबते. पण सेन पोहायला शिकले तेव्हा ते लहान मुलगा नव्हते. ते लंडनमध्ये नोकरी करून कायदा शिकणारे तरुण होते आणि स्पर्धेत पोहण्याचा कोणताही अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. पुढे १९६६ या एकाच वर्षात त्यांनी पाच अवघड जलमार्ग पोहून पार केले. आज ऑफिसआधी पहाटे तलाव गाठणाऱ्या, तिशी-चाळिशीत पोहणे शिकून थेट समुद्रात उतरण्याची स्वप्ने पाहणाऱ्या अनेकांसाठी ही गोष्ट जवळची आहे. सेन यांनी हे कसे साधले आणि नंतर ते विस्मरणात कसे गेले, याविषयी…

मिहिर सेन यांचे बालपण कुठे गेले?

मिहिर सेन यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी पुरुलिया येथे झाला. आज पश्चिम बंगालमध्ये असलेला हा भाग तेव्हा मानभूम जिल्ह्यात होता आणि १९५६ पर्यंत बिहार प्रांतात मोडत होता. पुरुलिया हा छोटा नागपूर पठाराच्या कडेचा कोरडा, खडकाळ मुलूख. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर.

वडील डॉक्टर होते, तरी घरची स्थिती बेताची होती. मिहिर आठ वर्षांचे असताना मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून आईने कुटुंब ओडिशातील कटकला हलवले. तिथे दूध आणि अंडी विकून तिने घर चालवले. मिहिर यांनी ओडिशातच कायद्याची पदवी घेतली. पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचे, ही त्यांची जिद्द होती. त्यासाठी लागणारा पैसा मात्र घरात नव्हता.

लंडनला ते कसे पोहोचले?

या टप्प्यावर बिजू पटनाईक त्यांच्या मदतीला आले. पुढे ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले पटनाईक तेव्हा उद्योजक आणि वैमानिक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी या तरुणाला इंग्लंडचे एकेरी तिकीट, एक सुटकेस आणि दहा पौंड दिले. परतीचे तिकीट नव्हते. १९५० मध्ये, अवघ्या १९व्या वर्षी सेन जहाजाने इंग्लंडला निघाले.

लंडनमध्ये त्यांनी सुरुवातीला रेल्वे स्थानकावर रात्रपाळीत हमाली केली. नंतर भारतीय उच्चायुक्तालयात, म्हणजे ‘इंडिया हाऊस’मध्ये नोकरी मिळाली. १९५१ मध्ये त्यांनी ‘लिंकन्स इन’ या संस्थेत बॅरिस्टरच्या अभ्यासक्रमासाठी नाव घातले. दिवसा नोकरी असल्याने व्याख्यानांना बसणे शक्य नव्हते. ग्रंथालयातून पुस्तके आणायची आणि रात्री खोलीवर वाचायची, असा क्रम होता. १९५४ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

नोकरी सांभाळून, शिकवणीशिवाय, हाती असेल तेवढ्या वेळात एखादी अवघड गोष्ट पुरी करायची सवय त्यांना इथे लागली. पुढे पोहण्यातही त्यांनी हाच मार्ग धरला.

पोहण्याशी त्यांचा संबंध कसा आला?

त्याला एक बातमी कारणीभूत ठरली. फ्लॉरेन्स चॅडविक ही अमेरिकी जलतरणपटू १९५० मध्ये फ्रान्सहून इंग्लंडला आणि १९५१ मध्ये उलट दिशेने इंग्लंडहून फ्रान्सला पोहत गेली. खाडी दोन्ही दिशांनी पार करणारी ती पहिली महिला. तिच्याविषयीचा लेख सेन यांच्या वाचनात आला आणि आपणही ही खाडी पार करायची, असे त्यांनी ठरवले.

अडचण एकच होती. त्यांना तसे पोहता येत नव्हते. लांब अंतरासाठी लागणारे तंत्र तर मुळीच नव्हते. त्यांनी लंडनमधील वायएमसीएच्या तलावात शिकवणी लावली आणि ‘फ्रंट क्रॉल’ घोटवायला सुरुवात केली. आपल्याकडे सरसकट ‘फ्री स्टाइल’ म्हटली जाणारी ही पद्धत.

क्रॉलच का? इंग्लिश खाडी कोणत्याही साधनाविना पोहून पार करणारे पहिले गृहस्थ कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये ब्रेस्ट स्ट्रोक वापरला होता आणि त्यांना २१ तास ४५ मिनिटे लागली होती. क्रॉलमध्ये शरीर पाण्यात आडवे, सरळ राहते. त्यामुळे पाण्याचा अडथळा कमी होतो आणि तेवढ्याच ताकदीत जास्त अंतर कापता येते. मात्र मोठेपणी शिकणाऱ्याची अडचण होते ती श्वासाची. मान वर काढून श्वास घेतला की कंबर आणि पाय खाली जातात. चेहरा पाण्यात ठेवून उच्छ्वास सोडायचा आणि फक्त कडेला वळून श्वास घ्यायचा, ही लय अंगात मुरायला महिने जातात. मोठेपणी पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. सेन त्याच वाटेने गेले.

इंग्लिश खाडी इतकी अवघड का मानली जाते?

इंग्लंडमधील डोव्हर आणि फ्रान्सचा किनारा यांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. पण हे अंतर फक्त कागदावरचे. खरी परीक्षा तीन गोष्टींची असते.

पहिली थंडी. उन्हाळ्याच्या अखेरीसही इथल्या पाण्याचे तापमान साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस असते. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीरातील उष्णता खेचून घेते. हातपाय चालू असले तरी तासन् तास पाण्यात राहिल्यावर शरीराचे तापमान घसरू लागते. ते ३५ अंशांखाली गेले की हातांवरचा ताबा सुटतो, विचार गोंधळतात.

दुसरी भरती-ओहोटी. या अरुंद भागात प्रवाह जोरदार असतात आणि साधारण सहा तासांनी दिशा बदलतात. त्यामुळे जलतरणपटू कितीही सरळ पोहला तरी नकाशावर त्याचा मार्ग इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा नागमोडी उमटतो. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये वेळ चुकली तर समोर किनारा दिसत असूनही प्रवाह कडेला ओढत नेतो. अनेकांचे प्रयत्न तिथेच संपले आहेत.

तिसरी गोष्ट नियमांची. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि गॉगल एवढ्यावरच पोहायचे. कातडी घासली जाऊ नये म्हणून अंगाला ग्रीस लावता येते, पण उबदार रबरी पोशाख चालत नाही. सोबत बोट असते, तिच्यावर निरीक्षक असतो. खाणेपिणे बोटीवरून दिले जाते. मात्र बोटीला किंवा माणसाला हात लावला, आधार घेतला की प्रयत्न बाद.

म्हणजे ही मोहीम एकट्याची असूनही एकट्याने होत नाही. बोट, तिचा अनुभवी चालक, हवामानाचा अंदाज, योग्य भरतीची निवड आणि या सगळ्याचा खर्च हे जमले तरच पाण्यात उतरता येते.

२७ सप्टेंबर १९५८ रोजी काय घडले?

त्याआधीचे सेन यांचे काही प्रयत्न फसले होते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर पुन्हा पैसे जमवणे, पुन्हा सराव आणि पुढच्या हंगामाची वाट पाहणे आले. खाडी पोहण्याचा हंगाम उन्हाळ्यातील जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो. १९५८ मध्ये त्या हंगामाचे शेवटचे दिवस उरले होते.

२७ सप्टेंबर १९५८ रोजी सेन यांनी डोव्हर ते फ्रान्सचा किनारा हे अंतर १४ तास ४५ मिनिटांत पार केले. ही खाडी पार करणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा त्यांचे वय २७ होते. महिनाभर आधीच पूर्व पाकिस्तानचे ब्रोजेन दास यांनी खाडी पार करून पहिल्या आशियाई जलतरणपटूचा मान मिळवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. त्यामुळे पावणेपंधरा तासांच्या या पोहण्यातील काही तास अंधारात गेले, हे उघड आहे.

ही वेळ टँकच्या भाषेत समजून घेता येईल. ३३ किलोमीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात सुमारे १,३२० लांबी. १४ तास ४५ मिनिटांत ते अंतर कापायचे तर प्रत्येक लांबी सरासरी ४० सेकंदांत पूर्ण करावी लागते. म्हणजे १०० मीटरला सुमारे २ मिनिटे ४० सेकंद. नियमित सराव करणाऱ्या क्लबमधील अनेक प्रौढांना हा वेग १०० मीटरसाठी अवघड वाटणार नाही. प्रश्न तो वेग ३३० वेळा सलग टिकवण्याचा आहे. तेही थंड, खारट, हलत्या पाण्यात. तिथे भिंतीला पाय मारून मिळणारा वेग नाही आणि काठ धरून दम खाण्याची सोयही नाही. शिवाय प्रवाहामुळे प्रत्यक्षात पोहावे लागते ते अंतर ३३ किलोमीटरपेक्षा जास्तच भरते.

भारतात परतल्यावर १९५९ मध्ये सेन यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आरती साहा यांनी ही खाडी पार केली आणि त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. आरती साहा लहानपणापासून कोलकात्याच्या क्लबमध्ये घडलेल्या, १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भाग घेतलेल्या जलतरणपटू होत्या. सेन यांच्यामागे अशी कोणतीही क्लबची परंपरा नव्हती.

पाल्कच्या सामुद्रधुनीसाठी पैसे कुठून आले?

परतल्यानंतर सेन कोलकात्यात वकिली करू लागले. पत्नी बेला यांच्याशी त्यांची ओळख लंडनमध्येच झाली होती. संसार, व्यवसाय सुरू होता. तरी समुद्र डोक्यातून गेला नव्हता. आता लक्ष्य होते श्रीलंका आणि भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी.

श्रीलंकेतील तलैमन्नार ते भारतातील धनुष्कोडी हे अंतर सुमारे ३० किलोमीटर. पाणी उबदार, त्यामुळे थंडीचा प्रश्न नाही. पण रामसेतूच्या वाळूच्या पट्ट्यांलगतचे हे पाणी उथळ आणि प्रवाह बेभरवशाचे. विषारी समुद्री साप आणि शार्क यांची भीती वेगळीच. डोव्हरला भाड्याने मिळणाऱ्या बोटी, पिढ्यान् पिढ्या जलतरणपटूंना वाट दाखवणारे चालक आणि निरीक्षक संस्था यांपैकी इथे काहीच नव्हते. सोबत यायला आणि मार्ग दाखवायला नौदलाचीच मदत हवी होती. त्यासाठी ४५ हजार रुपये भरावे लागणार होते.

१९६६ सालच्या हिशेबाने ही रक्कम एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. सेन यांनी प्रायोजक शोधले. कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’ या दैनिकाने त्यात साथ दिली. तरीही रक्कम पुरी होईना. अखेर त्याच वर्षी जानेवारीत पंतप्रधान झालेल्या इंदिरा गांधी यांच्यामुळे उरलेल्या रकमेची सोय झाली आणि नौदलाच्या दोन नौका सोबतीला आल्या.

५ एप्रिल १९६६ रोजी सेन तलैमन्नारहून पाण्यात उतरले. त्या दिवशी चैत्र पौर्णिमा होती, म्हणजे हनुमान जयंती. रात्रभर पोहायचे तर पौर्णिमेचा उजेड कामाचा, पण पौर्णिमेला भरती-ओहोटीचा जोरही वाढतो. २५ तासांहून अधिक काळ पोहून ते ६ एप्रिलला धनुष्कोडीला पोहोचले. सव्वा वर्षापूर्वीच, डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले होते. रेल्वे स्थानक, वस्ती, सगळे वाहून गेले होते. ज्या किनाऱ्यावर सेन यांनी पाय ठेवला, तो भग्नावशेषांचा किनारा होता.

१९६६ मध्ये त्यांनी आणखी कोणते मार्ग पार केले?

पाल्कनंतर थांबण्याऐवजी त्यांनी त्याच वर्षी जगातील आणखी चार जलमार्गांची आखणी केली. काळ मात्र अनुकूल नव्हता. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. परकीय चलनाची आधीच टंचाई, त्यात परदेशातील प्रत्येक खर्च रुपयांत दीडपटीहून अधिक झाला. तरी सेन निघाले.

जिब्राल्टर : २४ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी युरोप आणि आफ्रिका यांमधील ही सामुद्रधुनी ८ तास १ मिनिटात पार केली.

दार्दानेल्स : १२ सप्टेंबरला तुर्कस्तानातील ही अरुंद सामुद्रधुनी त्यांनी आडवी न पोहता लांबीच्या दिशेने पोहली. गेलिबोलूपासून एजियन समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सेद्दुल्बहिरपर्यंत त्यांना १३ तास ५५ मिनिटे लागली.

बॉस्फोरस : २१ सप्टेंबरला इस्तंबूलच्या मधून जाणारी ही सामुद्रधुनीही त्यांनी लांबीच्या दिशेने, चार तासांत पार केली.

पनामा कालवा : २९ ते ३१ ऑक्टोबर या काळात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा हा कालवा त्यांनी ३४ तास १५ मिनिटांत पोहून काढला. त्याआधी १९२८ मध्ये अमेरिकी लेखक रिचर्ड हॅलिबर्टन यांनी हा कालवा टप्प्याटप्प्याने पोहून पार केला होता. तेव्हा कालव्याच्या प्रशासनाने त्यांना चक्क जहाज मानून वजनानुसार ३६ सेंट कर आकारला होता.

एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत सेन ८५ तासांहून अधिक काळ पाण्यात होते. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. हल्ली ज्या वयात अनेक जण फिटनेससाठी पहिल्यांदा पोहण्याचा क्लास लावतात, ते हे वय.

अंतर कमी, वेळ जास्त असे का झाले?

या आकड्यांकडे नीट पाहिले तर ते गोंधळात टाकतात. इंग्लिश खाडी आणि पाल्क यांतील अंतर जवळपास सारखे, पण पाल्कला तब्बल ११ तास जास्त लागले. जिब्राल्टरची सर्वांत कमी रुंदी जेमतेम १४ किलोमीटर, तिथे ८ तास गेले. बॉस्फोरस सुमारे ३० किलोमीटर लांब, तरी चारच तास.

याचे उत्तर प्रवाहात आहे. काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे आणि पुढे एजियनकडे वरच्या थरातील पाणी सतत वाहत असते. बॉस्फोरस आणि दार्दानेल्समध्ये या दिशेने पोहणाऱ्याला प्रवाहच पुढे नेतो. १,५०० मीटरच्या विश्वविक्रमाचा वेगसुद्धा ताशी ६ किलोमीटरच्या थोडाच वर असतो. त्यामुळे चार तासांत एवढी लांबी कापण्यात पाण्याचा वाटा मोठा होता, हे स्पष्ट आहे. याचा अर्थ ते सोपे होते असा नाही. त्याच वेगवान पाण्यात भोवरे असतात आणि जहाजांची वर्दळ असते.

जिब्राल्टरमध्ये उलटे होते. अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरणारा प्रवाह जलतरणपटूच्या वाटेला आडवा येतो. समोरच्या किनाऱ्याकडे जाताना तो सतत पूर्वेकडे ढकलला जातो आणि ते वाहून जाणे भरून काढण्यातच ताकद खर्च होते. पनामात आणखी वेगळे गणित. कालव्याच्या मधला गाटुन तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचावर आहे आणि त्याचे पाणी गोडे. गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगते, म्हणजे तेवढ्याच अंतरासाठी मेहनत वाढते.

म्हणूनच समुद्रात पोहणारे अनुभवी लोक किलोमीटरपेक्षा तारीख, तिथी आणि दिशा यांची चौकशी आधी करतात. सेन यांनी हा धडा सहा वेगवेगळ्या पाण्यांत घेतला.

देशाने त्यांची दखल कशी घेतली?

१९६७ मध्ये सेन यांना ‘पद्मभूषण’ मिळाला. एकाच वर्षात इतके जलमार्ग पार केल्याबद्दल जागतिक विक्रमांच्या पुस्तकातही त्यांचे नाव गेले. वृत्तपत्रांतून ते घराघरांत पोहोचले. १९६२ चे युद्ध, १९६५ चे युद्ध, दुष्काळ आणि अन्नटंचाई यांनी गांजलेल्या त्या दशकात, जगातील पाण्यांवर नाव कोरणारा एक वकील ही लोकांना सुखावणारी बातमी होती.

पण देशात सागरी जलतरणाची घडी त्यामुळे बसली नाही. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा या प्रकाराला स्थान नव्हते. खुल्या पाण्यातील १० किलोमीटर शर्यत तिथे आली ती थेट २००८ मध्ये, बीजिंगला. पदक नाही म्हणून संघटनांचे लक्ष नाही आणि लक्ष नाही म्हणून निधी नाही, असे हे चक्र होते. सेन यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला बोट, परवानगी आणि प्रायोजक यांसाठी पहिल्यापासून दारे ठोठवावी लागली.

पुढच्या आयुष्यात काय घडले?

सेन यांनी कालांतराने वकिली मागे ठेवून रेशमी कापडाच्या निर्यातीत जम बसवला. व्यवसाय मोठा झाला. त्यांनी राजकारणातही पाऊल टाकले, पण तिथे यश आले नाही. १९७७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सत्ताबदल झाला. त्यानंतरच्या काळात राजकीय विरोध आणि कामगारांचे तंटे यांत त्यांचा व्यवसाय सापडला आणि अखेर बंद पडला. कमावलेले बरेच काही गेले.

त्यापाठोपाठ आजारपण आले. पन्नाशीतच त्यांची स्मृती क्षीण होऊ लागली. स्मृतिभ्रंश आणि कंपवात यांनी त्यांना घेरले. ज्या शरीराने पनामात ३४ तास साथ दिली, त्याच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत गेला. ज्या समुद्रांच्या आठवणी त्यांनी सांगाव्यात, त्या त्यांच्याच मनातून पुसल्या गेल्या. शेवटची वर्षे बेला आणि मुलींनी त्यांना सांभाळले. ११ जून १९९७ रोजी, वयाच्या ६६व्या वर्षी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या प्रत्येक मोहिमेची बातमी देशभर छापली जात होती, त्यांच्या जाण्याची चर्चा फारशी झाली नाही.

महाराष्ट्रातील हौशी जलतरणपटूंसाठी ही कहाणी का महत्त्वाची?

राज्यात खुल्या पाण्यात पोहणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेला लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळ्या वयोगटांतील स्पर्धक जातात. मुंबईत संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया या अंतराने अनेकांची सुरुवात होते, तर धरमतर ते गेटवे ही सुमारे ३६ किलोमीटरची मोहीम मोठ्या तयारीच्या जलतरणपटूंची कसोटी मानली जाते. इंग्लिश खाडीला जाण्याआधी बरेच जण हेच पाणी निवडतात. पुण्याचे रोहन मोरे यांनी इंग्लिश खाडी आणि जिब्राल्टरसह जगातील सात खडतर सागरी मार्ग पूर्ण केले आणि २०१८ मध्ये ही सातही आव्हाने पार करणारे ते पहिले आशियाई ठरले. सेन यांनी वाट काढली त्या तलैमन्नार-धनुष्कोडी मार्गावरही महाराष्ट्रातील जलतरणपटू उतरतात.

मोठेपणी पोहणे शिकणाऱ्यांसाठी सेन यांच्या आयुष्यातून निघणारा हिशेब सरळ आहे. तंत्र विशीत, तिशीतही येते, मात्र त्याला शिकवणी आणि सातत्य लागते. पहिल्या प्रयत्नात समुद्र सुटेलच असे नाही. सेन यांनाही तो सुटला नव्हता. आणि समुद्रात एकट्याने, बोटीशिवाय, भरतीची वेळ न पाहता उतरणे हे धाडस नसून धोका आहे. सेन यांनी उधारीवर, देणग्यांवर आणि सरकारी मदतीवर मोहिमा उभ्या केल्या, पण पाल्कसाठी नौदलाची सोबत पक्की होईपर्यंत ते पाण्यात उतरले नाहीत.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे १९५८ हे एकच साल असते. त्याच्यापुढे १९६६ हेही लिहायला हवे.